ऊन पाणी, गार पाणी

१९०२ सालची मुंबई. बॅरिस्टर मोहनदास गांधींनी फोर्टात वकिलीसाठी जागा घेतली होती आणि गिरगावात बिऱ्हाड केले होते. घर नीट लागलेही नव्हते, तोच दहा वर्षांचा मणिलाल अंथरुणाला खिळला. विषमज्वर, त्यात न्यूमोनियाची लक्षणे, रात्री वातात बरळणे. तपासायला आलेल्या पारशी डॉक्टरांनी सांगितले, औषधाचा फारसा उपयोग नाही, अंडी आणि कोंबडीचे सूप द्या. गांधींनी ते नाकारले. डॉक्टरांनी अधूनमधून येऊन नाडी आणि छाती तपासावी, एवढी विनंती त्यांनी केली आणि उपचार स्वतःच्या हाती घेतले. लाइपझिगच्या लुई कुने यांच्या पद्धतीने मुलाला कटिस्नान द्यायचे, तेही एका वेळी तीन मिनिटांहून जास्त नाही. पोटात तीन दिवस पाणी घातलेला संत्र्याचा रस.

ताप मात्र १०४ वर अडून बसला. तेव्हा गांधींनी एक चादर पाण्यात भिजवून पिळली, मुलाला तिच्यात गुंडाळले, वर दोन घोंगड्या घातल्या आणि डोक्यावर ओला पंचा ठेवला. अंगाला हात लाववेना, आणि घामाचा थेंब नाही. मुलाला कस्तुरबांच्या हवाली करून ते चौपाटीवर गेले. रामनाम घेत तिथे येरझारा घातल्या आणि धडधडत्या काळजाने घरी परतले, तर मुलाला दरदरून घाम फुटला होता. ताप उतरला. पुढचे चाळीस दिवस पाणी घातलेले दूध आणि फळांचा रस यांवर मणिलालला सांभाळले आणि तो खडखडीत बरा झाला.

ही हकीकत गांधींनी आत्मकथेत लिहिली आहे. ती लिहिताना त्यांनी जलोपचाराचा विजय म्हणून झेंडा फडकावलेला नाही. मुलगा ईश्वराच्या कृपेने वाचला, पाण्याच्या उपचाराने वाचला, की पथ्य आणि शुश्रूषेने वाचला, हे कोण ठरवणार, असा प्रश्न त्यांनी वाचकांपुढे ठेवला आणि आपल्यापुरते उत्तर श्रद्धेत शोधले. उपचार करणाऱ्यानेच विचारलेला हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. गेल्या दोनशे वर्षांत ऊन आणि गार पाण्याच्या उपचाराचे जेवढे भले झाले, ते हा प्रश्न विचारणाऱ्यांनी केले. आणि जेवढे नुकसान झाले, ते हा प्रश्न न विचारणाऱ्यांनी.

आज त्याच उपचाराला नवा बहर आला आहे. सामना संपला की खेळाडू बर्फाच्या टबात उतरतात. मोठ्या शहरांतल्या वेलनेस स्टुडिओंमध्ये एका बाजूला सौना किंवा गरम पाण्याचे टाके आणि दुसऱ्या बाजूला चार-पाच अंशांचे गार टाके असते; आळीपाळीने दोन्हींत बसायचे, याला कॉन्ट्रास्ट थेरपी म्हणतात. स्नायूंचा शीण जातो, प्रतिकारशक्ती वाढते, चरबी वितळते, नैराश्य पळते, म्हातारपण लांबते, असे सांगितले जाते. यातले खरे किती, हे पाहायचे तर आधी हा उपचार आला कुठून ते पाहावे लागेल.

शेतकरी आणि धर्मगुरू

ऊन-गार पाण्याच्या उपचाराला आपल्याकडे सर्रास प्राचीन भारतीय परंपरा म्हटले जाते. तसे ते नाही. आयुर्वेदात स्नानाचा विचार बारकाईने केलेला आहे. गरम पाणी मानेखालच्या अंगाला बळ देते पण डोक्यावर घेतले तर केस आणि डोळ्यांना अपाय करते, असे वाग्भटांनी अष्टांगहृदयात सांगितले आहे. मात्र गरमातून एकदम गारव्यात आणि गारव्यातून एकदम गरमात जाण्याविषयी आयुर्वेदाचे मत प्रतिकूल आहे. क्रम सोडून केलेली अशी शीत-उष्णाची उलटापालट चरकसंहितेत त्वचारोगांच्या कारणांमध्ये गणली आहे. म्हणजे आज 'आपलेच' म्हणून जे मिरवले जाते, त्याला आपल्या जुन्या वैद्यांनी सहजासहजी संमती दिली नसती.

या उपचाराचे घराणे मध्य युरोपातले. ऑस्ट्रियन सायलेशियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या उत्तर टोकाला, ग्रेफेनबर्ग नावाच्या डोंगराळ वस्तीत १७९९ साली व्हिन्सेंट्स प्रिस्निट्झ हा शेतकऱ्याचा मुलगा जन्मला. तरुणपणी गाडीखाली सापडून त्याच्या बरगड्या मोडल्या. वैद्याने आशा सोडली, तेव्हा त्याने स्वतःच ओल्या फडक्यांच्या पट्ट्या बांधून स्वतःला बरे केले, असे सांगतात. पुढे तो आजूबाजूच्या गुराढोरांना आणि माणसांना पाण्याने बरे करू लागला. शाळा फारशी नाही, वैद्यकाचे शिक्षण मुळीच नाही. तरीही १८३०च्या दशकाअखेर युरोपभरातून वर्षाला दीड हजारांवर रुग्ण त्या डोंगरावर येऊ लागले.

प्रिस्निट्झची रीत कडक होती. पहाटे रुग्णाला जाड लोकरी घोंगड्यांत करकचून गुंडाळायचे, घामाने निथळेपर्यंत तसेच ठेवायचे आणि मग थेट डोंगरातल्या झऱ्याच्या गार पाण्याच्या टाक्यात उतरवायचे. नंतर डोंगरातून चालणे, लाकडे फोडणे, साधे जाडेभरडे खाणे, भरपूर पाणी पिणे. उमराव असो की सैनिक, नियम एकच. आज आपण ज्याला ऊन-गार उपचार म्हणतो, त्याचा आराखडा इथे पहिल्यांदा ठळकपणे उभा राहिलेला दिसतो.

त्याला मऊपणा आणला तो बव्हेरियातल्या सेबास्टियन क्नाइप या कॅथलिक धर्मगुरूने. १८२१ साली विणकराच्या घरात जन्मलेल्या क्नाइपला विद्यार्थिदशेत क्षयाने ग्रासले. अठराव्या शतकातल्या योहान सिगमुंड हान या वैद्याचे गार पाण्यावरचे छोटे पुस्तक त्याच्या हाती पडले आणि १८४९च्या हिवाळ्यात तो डॅन्यूब नदीत क्षणभर डुबकी मारून धावत घरी परतू लागला. तो बरा झाला. (क्षय काही रुग्णांत आपोआपही आटोक्यात येतो, हे इथे ध्यानात ठेवायला हवे.) १८५५मध्ये वोरिसहोफेन या गावी जोगिणींच्या मठात त्याची नेमणूक झाली. तिथे त्याने गरिबांना पाण्याचे उपचार द्यायला सुरुवात केली आणि १८८६ साली आपल्या जलोपचारावर पुस्तक लिहिले. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पुढे गावाच्या नावाआधी 'बाड', म्हणजे स्नानतीर्थ, ही उपाधी लागली.

क्नाइपने प्रिस्निट्झच्या कडकपणाला मर्यादा घातली. सारे अंग बुडवण्यापेक्षा गुडघ्यापर्यंत, कोपरापर्यंत, पाठीवर पाण्याची धार सोडायची. गुडघाभर गार पाण्यात करकोच्यासारखे पाय वर उचलत चालायचे. पायांच्या आळीपाळीच्या स्नानात पाच मिनिटे ऊन पाणी आणि मग दहा-पंधरा सेकंदच गार पाणी, असे दोनदा. त्याचा सर्वांत मोठा नियम असा की गार अंगावर गार पाणी कधीही घ्यायचे नाही. आधी अंग ऊबदार हवे, नंतर चालून-फिरून पुन्हा ऊब आणायला हवी. पाणी हा त्याच्या जीवनरीतीचा पाचवा हिस्सा होता. उरलेले चार म्हणजे व्यायाम, साधा आहार, वनौषधी आणि मनाची शिस्त. जर्मनीने २०१५ साली क्नाइपची ही पद्धत आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंदवली.

त्याआधी, प्रिस्निट्झच्याच लाटेवर, इंग्लंडात मालव्हर्न गावी जलोपचाराची केंद्रे निघाली. सततच्या पोटाच्या त्रासाने आणि अशक्तपणाने पिडलेला चार्ल्स डार्विन १८४९मध्ये तिथे डॉ. जेम्स गली यांच्याकडे राहिला. स्पिरिटच्या दिव्याने अंग घामाघूम होईपर्यंत तापवायचे आणि मग गार पाण्यात भिजलेल्या टॉवेलांनी खसाखसा पुसायचे, असे उपचार त्याने पत्रांतून वर्णन केले आहेत. त्याला बरे वाटले. दोन वर्षांनी त्याने आपली लाडकी मुलगी ॲनी हिला त्याच डॉक्टरांकडे आणले. १८५१च्या एप्रिलमध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, ती मालव्हर्नमध्येच वारली. गिरगावचा मणिलाल वाचला आणि मालव्हर्नची ॲनी गेली. दोघेही दहा वर्षांचे, आणि दोघांच्याही घरी पाण्यावर विश्वास होता. एकाच्या बरे होण्यावरून उपचाराला डोक्यावर घेता येत नाही, तसेच एकीच्या जाण्यावरून त्याला गाडताही येत नाही. त्यासाठी पुष्कळ माणसांकडे, तुलनेने आणि धीराने पाहावे लागते.

उरुळी कांचन

दक्षिण आफ्रिकेत असतानाच गांधींनी लुई कुने आणि ॲडॉल्फ युस्ट या दोन जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तके वाचली होती. कुने यांचे कटिस्नान गांधींच्या आयुष्यभर बरोबर राहिले. टबात बसायचे, ओटीपोट आणि मांड्या पाण्यात, पाय आणि छाती बाहेर ऊबेत. शरीराचा एक भाग गार आणि बाकीचा गरम, असा हा एकाच वेळचा ऊन-गार खेळ. १९४२मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधींनी आरोग्यावरचे छोटे पुस्तक पूर्ण केले, त्यात पाण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. कटिस्नान, ओल्या चादरीची लपेट, वाफारा, गरम पाण्याचा उपयोग, हे सारे त्यात घरच्या घरी करता येईल अशा भाषेत सांगितले आहे.

पुण्यातच डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. १९४४ नंतर गांधी तिथे अनेकदा राहिले. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी अखिल भारतीय निसर्गोपचार प्रतिष्ठानाची स्थापना झाली. आज हा दिवस निसर्गोपचार दिन म्हणून पाळतात, आणि मेहतांच्या केंद्राची वास्तू १९८६पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्थेचे घर आहे. गरिबांसाठी हेच केंद्र चालवावे, असा गांधींचा बेत होता. पण तो त्यांनी लवकरच बदलला. खेड्यातला गरीब माणूस उपचारासाठी शहरात येऊन राहील, ही कल्पनाच चुकीची होती, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. उपचाराने गरिबाकडे जायला हवे.

म्हणून २२ मार्च १९४६ रोजी ते पुणे-सोलापूर मार्गावरच्या उरुळी कांचनला आले. आठवडाभर तिथे राहून त्यांनी रोज रुग्ण तपासले. कुणाला सूर्यस्नान, कुणाला कटिस्नान, कुणाला दूध आणि फळे, आणि सगळ्यांना रामनाम. दिल्लीत कॅबिनेट मिशन उतरले होते, त्यामुळे महिनाअखेर त्यांना जावे लागले. मागे राहिला मणिभाई देसाई हा तरुण. त्याने गांधींना शब्द दिला आणि १९९३ साली अखेरचा श्वास घेईपर्यंत तो पाळला. निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे यांनीही आपली वर्षे त्याला दिली. मणिभाईंनी ओळखले की गावकऱ्यांचे बहुतेक आजार उपासमारीतून आणि घाणीतून येतात, म्हणून ते शेती, गाई आणि फळबागांकडे वळले. १९६७मध्ये त्यांनी 'बाएफ' संस्था स्थापली आणि १९८२मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

उरुळीचा हा प्रवास मला ऊन-गार पाण्याच्या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. पाण्याने बरे होते ते पाण्याने बरे करावे, आणि जे भाकरीने बरे होते त्याला भाकर द्यावी, हा विवेक तिथे होता. उपचाराची पात्रता गरिबाच्या दारात ठरते, ही कसोटीही तिथलीच.

अंगात काय घडते

आता शरीराकडे वळू. गरम पाण्यात उतरले की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, नाडी वाढते, स्नायू सैलावतात. गार पाण्यात त्या वाहिन्या आकसतात, रक्त हातापायांतून धडाकडे वळते, श्वास जलद होतो. दोन्ही आलटून पालटून केले की वाहिन्या उघडमीट करतात आणि हा 'पंप' स्नायूंतली घाण उपसून काढतो, असे सांगितले जाते. चित्र मोहक आहे, पण पुरावा तोकडा आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत संशोधकांनी पोटरीच्या स्नायूत सुई घालून तापमान मोजत हा प्रयोग केला, तेव्हा त्वचेखालच्या चरबीच्या थराच्या एक सेंटिमीटर आतसुद्धा स्नायूचे तापमान फारसे हलले नाही. मिनिटभराचे गार पाणी कातडीला जाणवते. स्नायूला त्याची खबर पोचायला वेळ लागतो.

मग बरे का वाटते? यात पाण्याच्या वजनाचा वाटा मोठा आहे. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटरइतका असतो. पायांत साचलेले रक्त आणि द्रव त्याने वर ढकलले जातात. मानेपर्यंत पाण्यात बसलेल्या माणसाच्या छातीत साधारण पाऊण लिटर रक्त जास्त जमा होते. म्हणजे काही फायदा गरमाचा नाही, गाराचाही नाही, तर नुसत्या बुडण्याचा आहे. दुसरा वाटा मज्जातंतूंचा: थंडीने वेदनेचा संदेश वाहणाऱ्या तंतूंचा वेग मंदावतो, ऊबेने स्नायूंचा ताण उतरतो. तिसरा वाटा मनाचा. गार पाण्यातून बाहेर आलेला माणूस तरतरीत होतो, कारण शरीराने संकटासाठी राखून ठेवलेली रसायने सोडलेली असतात. सन २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात १४ अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत बसलेल्या तरुणांच्या रक्तात यांपैकी नॉरॲड्रेनॅलिन पाचपटीहून अधिक वाढले. हा आकडा आज सर्वत्र जाहिरातींत दिसतो. ते तरुण पाण्यात तासभर बसले होते, हे मात्र जाहिरातीत नसते.

मोजल्यावर काय उरले

खेळाडूंवरच्या प्रयोगांत साधारण मांडणी अशी असते: ३८ ते ४० अंशांचे गरम पाणी, १० ते १५ अंशांचे गार पाणी, एक-एक किंवा तीन-एक मिनिटांच्या फेऱ्या, एकूण पंधरा-वीस मिनिटे. २०१३ साली संशोधकांनी अशा १८ चाचण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष सरळ होता. व्यायामानंतर नुसते बसून राहण्यापेक्षा ऊन-गार पाण्याने स्नायूंचे दुखणे कमी होते आणि ताकदही कमी घसरते. पण नुसते गार पाणी, नुसते गरम पाणी, हलके चालणे किंवा ताणाचे व्यायाम यांच्याशी तुलना केली तर फरक फारसा उरत नाही. शिवाय बहुतेक चाचण्या लहान आणि सदोष होत्या. आपण कुठल्या टबात बसलो आहोत हे माणसाला कळतेच. त्यामुळे 'बरे वाटेल' या अपेक्षेचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

दुसरा मोठा प्रयोग नेदरलँड्समधला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला. तीन हजारांवर निरोगी माणसांना गटांत वाटले. काहींनी रोजची गरम आंघोळ ३०, ६० किंवा ९० सेकंदांच्या गार पाण्याने संपवायची; बाकीच्यांनी नेहमीसारखी आंघोळ करायची. महिनाभर हे पाळले. गार पाणी घेणाऱ्यांत आजारपणामुळे कामावर न येण्याचे प्रमाण २९ टक्क्यांनी कमी भरले. ३० सेकंद आणि ९० सेकंद यांत फरक नव्हता. पण आजारी वाटलेल्या दिवसांची संख्या दोन्हीकडे सारखीच होती. म्हणजे माणसे आजारी तेवढीच पडली. फक्त आजारात उठून कामाला जाण्याची उभारी त्यांना आली. याला प्रतिकारशक्ती म्हणता येणार नाही. पण उभारी हीदेखील लहान गोष्ट नव्हे.

जिममध्ये दंड कमावणाऱ्या तरुणांनी २०१५चा एक अभ्यास जरूर ध्यानात ठेवावा. त्यात बारा आठवडे वजनाचा व्यायाम करणाऱ्यांपैकी एका गटाने प्रत्येक वेळी नंतर दहा मिनिटे १० अंशांच्या पाण्यात बैठक मारली आणि दुसऱ्याने हलकी सायकल चालवली. गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद कमी वाढली. व्यायामानंतरची सूज ही स्नायू बांधणीची सुरुवात असते. ती रोज बर्फाने दाबली तर बांधणीही दबते. दोन दिवसांत दुसरा सामना असेल तर गार पाणी उपयोगाचे. ताकद वाढवायची असेल तर त्या दिवशी टाळलेले बरे.

फिनलंडचा दाखलाही नेहमी दिला जातो. सुमारे छप्पन्न लाख लोकवस्तीच्या त्या देशात तीसेक लाख सौना आहेत. तापायचे आणि मग तळ्यात किंवा बर्फात उतरायचे, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, आणि २०२०मध्ये युनेस्कोने तिची नोंद घेतली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे वीस वर्षे चाललेल्या पाहणीत कुओपियो भागातल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांपैकी आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण खूप कमी आढळले. पण हा अभ्यास सौनाचा होता, गार डुबकीचा नव्हता. आणि रोज सौनात बसायला सवड व प्रकृती असलेली माणसे मुळातच अधिक निरोगी असण्याची शक्यता असते.

जिथे पाणी मारते

गार पाण्यात अचानक पडलेल्या माणसाचा श्वास आपोआप आत ओढला जातो, नाडी आणि रक्तदाब उसळतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात हा धक्का सर्वांत तीव्र असतो. तोंड पाण्याखाली असेल तर त्या एका श्वासाने माणूस बुडतो. पोर्टस्मथ विद्यापीठातले माइक टिप्टन यांनी आयुष्यभर याचा अभ्यास केला आहे. गार पाण्याचा धक्का हृदयाला पळवतो आणि चेहरा बुडवून श्वास रोखणे त्याला मंदावते. दोन्ही हुकूम एकदम आले की निरोगी माणसाच्याही हृदयाचा ठोका चुकू शकतो, असे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१२ साली मांडले. आधी गरम पाण्याने वाहिन्या सैल झालेल्या असताना हे चढउतार आणखी मोठे होतात. जपानमध्ये हिवाळ्यात गार न्हाणीघरातून कढत टाक्यात उतरणारी वृद्ध माणसे मोठ्या संख्येने दगावतात. तिथले सरकार सांगते, पाणी ४१ अंशांहून जास्त गरम नको आणि दहा मिनिटांहून जास्त बसायला नको.

स्पर्धा शिरली की धोका वाढतो. फिनलंडमध्ये हाइनोला इथे कोण जास्त वेळ तापतो याची जागतिक स्पर्धा भरत असे. २०१०च्या अंतिम फेरीत ११० अंशांच्या सौनात एक स्पर्धक मरण पावला आणि दुसरा गंभीर भाजला. ती स्पर्धा कायमची बंद झाली. 'मी चार अंशांत पाच मिनिटे बसलो' अशी आज चाललेली चढाओढ त्याच जातीची आहे.

आपल्या घरांत याहून जवळचा धोका आहे. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाला पाणी किती कढत आहे ते कळत नाही. दुखऱ्या पायांना आराम म्हणून घेतलेल्या गरम पाण्याने फोड येतात, ते चिघळतात आणि बोट किंवा पाऊल गमावण्याची पाळी येते. मधुमेह, हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गर्भारपण, फिट्स, थंडीने बोटे पांढरी पडण्याची व्याधी किंवा उघडी जखम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपचार करू नये. पाय नुकताच मुरगळला असेल तर पहिले दोन-तीन दिवस गरम पाणी नको. दारू पिऊन तर कधीच नाही.

आणि तापात पाण्यावर विसंबून राहू नये. मणिलालच्या वेळी विषमज्वरावर औषधच नव्हते. क्लोरॅम्फेनिकॉल हाती आले ते १९४८ साली. आज प्रतिजैविके असताना विषमज्वराच्या रुग्णाला नुसत्या ओल्या चादरीत गुंडाळणे हा गुन्हा ठरेल.

घरच्या घरी

एवढे सगळे गाळून जे उरते, ते करून पाहण्यासारखे आहे, आणि त्याला स्टुडिओची गरज नाही. दिवसभर उभे राहणारे वाहतूक पोलीस, परिचारिका, बस कंडक्टर, शेतात वाकून काम करणाऱ्या बाया, मॅरेथॉनची तयारी करणारी मुले, या सगळ्यांसाठी पायांचे ऊन-गार स्नान पुरेसे आहे. दोन बादल्या किंवा टब घ्यायचे. पोटऱ्या बुडतील इतके पाणी हवे. एकात कोपर घातल्यावर सुखद वाटेल इतके गरम, ३८ ते ४० अंश, दुसऱ्यात गार. महाराष्ट्रात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतले पाणी गार नसतेच, म्हणून माठातले घ्यावे किंवा बर्फाचे काही खडे टाकावेत. दात वाजावेत इतके गार करण्याचे कारण नाही. तीन मिनिटे गरम, एक मिनिट गार, अशा तीन-चार फेऱ्या. सकाळी किंवा खेळानंतर करत असाल तर शेवट गार पाण्याने करावा. रात्री झोपेसाठी करत असाल तर गरमाने, कारण पाय ऊबदार असले की झोप लवकर लागते. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या.

अंगभर घ्यायचे असेल तर नेहमीच्या ऊन पाण्याच्या आंघोळीचा शेवट गार पाण्याच्या दोन-तीन तांब्यांनी करावा. आधी पायांवर, मग हातांवर, मग पाठीवर. डोक्यावर एकदम नको. दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतर अंगावर येणारा पहाटेचा गारवा ज्यांना आवडतो, त्यांना हे जड जाणार नाही. क्नाइपचा नियम पाळावा: अंग आधी ऊबदार हवे, आणि नंतर दहा मिनिटे चालावे. नदीत, विहिरीत किंवा गरम कुंडात असे करायचे असेल तर एकट्याने कधी उतरू नये. तानसा नदीकाठच्या वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांवर तासन्‌तास बसून मग नदीत उडी घेणाऱ्या थोरामोठ्यांना तर हे आवर्जून सांगावे.

याने कर्करोग बरा होत नाही. चरबी वितळत नाही. आयुष्य लांबते असा पुरावा नाही. थकलेल्या पायांना आराम मिळतो, दुसऱ्या दिवशीचे दुखणे थोडे कमी होते, मन तरतरीत होते आणि दिवसातली पंधरा मिनिटे माणूस स्वतःच्या शरीराकडे लक्ष देतो. प्रिस्निट्झच्या डोंगरावर, क्नाइपच्या गावात आणि उरुळीच्या आश्रमात माणसे बरी झाली, त्यात साधे जेवण, चालणे, विश्रांती आणि कुणीतरी आपुलकीने विचारपूस करणे यांचा वाटा पाण्याइतकाच होता. टब विकत घेता येतो. हे बाकीचे विकत मिळत नाही.

माझे वाचकांना एवढेच सांगणे आहे. आपल्या गावच्या तालमीत, महापालिकेच्या क्रीडासंकुलात, पोलीस लाइनीत, वारीच्या मुक्कामावर दोन टब आणि एक माहितगार माणूस ठेवण्याचा आग्रह धरा. त्याला फार खर्च येत नाही आणि ज्यांचे पाय खरोखर थकतात त्यांना ते मिळते. घरी करून पाहा, प्रकृती पाहून करा. आणि या पाण्यासाठी तुमच्याकडे कुणी हजारो रुपये मागितले किंवा दुर्धर आजार बरा करण्याचे वचन दिले, तर पैसे देण्याआधी पुरावा मागा.